भरलेली फळं: हळदीकुंकवाच्या ताटासाठी गोड-तिखट बेत

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या गावात एकेका बाईला एकाच संध्याकाळी चार-चार घरी हळदीकुंकवाला जावं लागतं. पहिल्या घरी चिवडा-लाडू, दुसऱ्या घरी आलूबोंडे, तिसऱ्या घरी पोहे. चौथ्या घरी पोचेपर्यंत ती बशीकडे पाहूनच म्हणते, "बांधून दे वं, पोट्ट्याइले होईन." आमचं घर रस्त्याच्या टोकाला, त्यामुळे बहुतेकींचं चौथं घर आमचंच. केलेलं सगळं पिशव्यांत बांधून द्यायचा कंटाळा आला, तेव्हा मी फळांकडे वळले.

आमच्या मोर्शी-वरुडच्या संत्र्याच्या पट्ट्यात पाहुण्यापुढे नुसतं संत्रं ठेवायला संकोच वाटतो. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण आमच्या गावात ते ज्याच्या-त्याच्या ओसरीवर पोत्यानं पडलेलं असतं, त्याचं काय कौतुक? तेच संत्रं भरून ठेवलं की मात्र पोट तुडुंब असलेली बाईसुद्धा एक उचलते, आणि दुसरं उचलताना इकडेतिकडे पाहते.

पहिल्या वर्षी माझी फजिती झाली होती. सकाळी दहालाच संत्र्याच्या सालीच्या पंचवीस वाट्यांत श्रीखंड भरलं, वर चारोळी टोचली, परातीत ओळीनं मांडून झाकून ठेवलं आणि हळदीकुंकवाच्या बाकीच्या तयारीला लागले. पाच वाजता झाकण काढलं तर श्रीखंड खाली बसलेलं आणि वर पिवळं पाणी. मोठ्या जाऊबाईंनी एक वाटी हलवून पाहिली. म्हणाल्या, "काऊन वं, संत्र्यात कढी केली काय?"

भरलेलं फळ बिघडतं ते नव्वद टक्के पाण्यानं. फळाला मीठ किंवा साखर लागली की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. शाळेच्या पुस्तकात त्याला परासरण म्हणतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवल्यावर गंजाच्या (पातेल्याच्या) तळाला जे साचतं तेच हे. लोणच्याला ते पाणी हवं असतं, आपल्याला नको. म्हणून सारण कोरडं करायचं, फळ आणि सारण यांच्यामध्ये पाणी पिणारं काहीतरी घालायचं, आणि भरायचं ते होईल तितकं उशिरा. पुढच्या सगळ्या कृती या तीन गोष्टींवरच उभ्या आहेत. एवढं ध्यानात आलं तर माझं प्रमाण बाजूला ठेवून तुमचं घ्या, काही बिघडत नाही.

कोणतं फळ घ्यायचं, कोणतं नाही

ज्याला भिंत आहे ते फळ भरता येतं. संत्र्याला साल आहे, पेरूला गर आहे, खजुराला चिवट कातडी आहे, टमाटराला तर देवानं वाटीच करून दिली आहे. (टमाटर फळ कसं, असं विचारणाऱ्यांसाठी: वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं फळच. आणि वांगंही फळ. भरल्या वांग्याच्या मुलखात हा वाद घालू नये.) सीताफळाला भिंत नाही, ते नुसतं खावं. पिकलेली पपई दिसायला छान, पण तिच्यात दही, चक्का, खवा असलं काही भरू नका. पपईतल्या पाचक द्रव्यानं दुधाचा पदार्थ थोड्या वेळात कडू होतो. ताज्या अननसाचंही तेच.

संत्रं निवडताना एक बारकावा आहे. झाडावर फार दिवस राहिलेलं संत्रं पोकळ होतं, साल गरापासून सुटते, दाबलं की आत हवा लागते. फाकी काढून भरायच्या असतील तर हेच फळ सोयीचं, साल एका झटक्यात निघते. सालीच्या वाट्या करायच्या असतील तर मात्र साल गराला धरून असलेलं, हाताला घट्ट आणि वजनदार लागणारं फळ हवं. पोकळ फळाची साल मऊ पडते आणि वाटी बसते. जानेवारीत अंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुललेली) शेवटची फळं आणि फेब्रुवारीपासून मृगाची (पावसाळ्यात फुललेली) येणारी, दोन्ही चालतात. माझा कल मृगाच्या फळाकडे आहे.

खाली सगळी प्रमाणं पंचवीस जणींसाठी आहेत. तीन प्रकार पुरेत, एक गोड, एक तिखट आणि एक मधला. पाच प्रकार करायच्या हट्टापायी शेवटच्या तासात घरातल्या सगळ्यांवर ओरडावं लागतं, हे अनुभवानं सांगते.

संत्र्याच्या वाट्या, आत चक्का

सव्वा किलो घट्ट दही, शक्यतो म्हशीच्या दुधाचं, आदल्या रात्री जुन्या धुतलेल्या मलमलच्या कापडात बांधून टांगायचं. सकाळी साधारण अर्धा किलो चक्का हाती येतो. जानेवारीत आमच्याकडे रात्री चांगलीच थंडी असते, ओसरीत टांगलं तरी आंबत नाही. फेब्रुवारी सरता सरता मात्र रात्रभर बाहेर ठेवू नका. दुपारी चार-पाच तास टांगून मग फ्रीजमध्ये ठेवा. चक्का कापडातून निघताना गोळा होऊन निघाला पाहिजे. कापडाला चिकटून ओघळत असेल तर अजून दोन तास टांगा. इथे घाई केली तर पुढे काही इलाज नाही.

चक्क्यात २०० ग्रॅम पिठीसाखर, वेलचीची पूड आणि चिमूटभर मीठ. श्रीखंडाच्या मानानं साखर कमी वाटेल, तशीच ठेवा. साखर वाढली की चक्का सैल होतो. संत्र्याचा रस यात घालायचा मोह होतो. घालू नका. रसानं सारण पातळ होतं, शिवाय काढून ठेवलेला रस थोड्या वेळानं कडवट होतो, आणि बिया चिरडल्या गेल्या असतील तर आणखीच. त्याऐवजी दोन संत्र्यांच्या फाकी पातळ पापुद्रा काढून सोला, गराचे दाणे मोकळे करा, चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या आणि अगदी वाढायच्या वेळी प्रत्येक वाटीवर पाच-सात दाणे ठेवा. दाताखाली फुटतात तेव्हा संत्रं कळतं.

आता वाट्या. तेरा संत्री धुऊन कोरडी पुसा. फळ आडवं कापायचं, म्हणजे देठ वर आणि बूड खाली धरून मधोमध. उभं कापलं तर देठाच्या जागी वाटी फाटते. कापलेल्या अर्ध्या भागात साल आणि गर यांच्यामध्ये चमच्याची दांडी सरकवा आणि हळूहळू गोल फिरवा, चमचा नव्हे, दांडीच. चमच्याचं तोंड सालीला भोकं पाडतं. पूर्ण फेरी झाली की बोटांनी गर सैल करून वर उचला. देठाकडच्या भागात मधला पांढरा दांडा सालीला चिकटलेला असतो. तो ओढू नका, कैचीनं बुडाशी कापा. ओढला की तिथं रुपयाएवढं भोक पडतं. पडलंच तर सुक्या खोबऱ्याची पातळ चकती आत बसवा, कोणाला कळत नाही. निघालेला गर पोरांना द्या किंवा लगेच रस करून प्या.

वाट्या स्वच्छ कापडावर पालथ्या घालून दोन तास वाळू द्या. हे दोन तास माझ्या पहिल्या वर्षी नव्हते. वाळल्यावर आतून सुकं खोबरं बारीक किसून, हलकं भाजून, दोन चिमटी सगळीकडे फिरवा. खोबरं सालीचं पाणी पितं आणि सालीतला कडवटपणा चक्क्यात उतरू देत नाही. साखर भुरभुरून हे काम होत नाही, उलट पाणी सुटतं.

पाहुणे यायच्या अर्धा तास आधी प्रत्येक वाटीत दोन मोठे चमचे चक्का भरा. वाट्या ताटात डुगडुगतात. बूड कापून सपाट करायला गेलात तर गळतात. मी ताटात मुरमुऱ्यांचा थर पसरते आणि वाट्या त्यात रुतवते. हलत नाहीत, दिसतात सुरेख, आणि सांडलंच तर मुरमुरे टिपून घेतात.

संत्र्याच्या फाकी, आत जवसाची चटणी

माझ्या घरी सगळ्यात आधी संपतो तो हा प्रकार. बाहेरून पाहुणा आला की तो हमखास विचारतो, संत्र्यात तिखट? होय, तिखट. आंबट-गोड फाकेत जवस-फल्लीदाण्याची (शेंगदाण्याची) जाडसर चटणी. जीभ आधी गोंधळते, मग मागत राहते.

आठ-दहा पोकळ संत्री घ्या. साल काढा, फाकी एकेक सुट्या करा, फाकेवरचे पांढरे धागे ओढून टाका. पन्नास चांगल्या फाकी निवडा, फुटलेल्या तोंडात टाका. निवडलेल्या फाकी सुपात एकमेकींना न चिकटता पसरा आणि पंख्याखाली तासभर राहू द्या. वरचा पापुद्रा कागदासारखा कोरडा होतो, बोट फिरवलं तर खसखस लागतो. ओल्या फाकेला कापायला गेलात की ती चिरडते आणि हातावर रस; वाळलेली फाक सरळ कापली जाते.

फाकेला दोन बाजू असतात, एक पाठीची गोल आणि एक पोटाची, जी फळाच्या मध्याकडे असते. पोटाच्या बाजूनं, जिथं बिया असतात तिथं, कैचीच्या टोकानं या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर द्या. बिया टोकानं उचलून काढा. आता पाठीवर अंगठ्यानं किंचित दाब दिला की फाक पुस्तकासारखी उघडते आणि आतले केशरी दाणे दिसतात. पहिल्या पाच-सहा वाया जातील. नंतर हात बसतो, मग दहा मिनिटांत पन्नास होतात. आमच्याकडे हे काम पोरी अंगणात बसून करतात, अर्ध्या बिया एकमेकींवर उडवतात.

चटणीसाठी १०० ग्रॅम जवस मंद आचेवर कोरडे भाजा. तडतड सुरू होते, दाणे उडतात, आणि तीनेक मिनिटांत आवाज कमी व्हायला लागतो, तेव्हाच उतरवा. जास्त भाजलेले जवस कडू होतात आणि तो कडूपणा कशानं झाकत नाही. १०० ग्रॅम फल्लीदाणे वेगळे भाजून सालं पाखडा. दोन चमचे तीळ, सात-आठ लसणाच्या पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, मीठ. लसूण आधी तव्यावर चांगला कोरडा परतून घ्या, कच्चा ओला लसूण चटणीला गोळा करतो. सगळं थांबत थांबत वाटा. मिक्सर सलग चालवला की जवस आणि दाणे तेल सोडतात आणि चटणीची लाडूसारखी ढेप होते. रव्यापेक्षा थोडी जाडी हवी.

भिवापुरी मिरचीचं तिखट मिळालं तर रंगाला आणि झणक्याला तेच घ्या, पण दीड चमच्यावर थांबा. हळदीकुंकवात म्हाताऱ्याही येतात.

उघडलेल्या फाकेत अर्धा लहान चमचा चटणी, वर सांबाराचं एक पान. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमचा सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. इडलीबरोबरचं सांबार फाकेत घालू नका.) चटणीत मीठ आहे, त्यामुळे फाक भरल्यापासून साधारण वीस मिनिटांत ओलावते. म्हणून या फाकी आधी भरूनच ठेवायच्या नाहीत. उघडलेल्या फाकी एका ताटात, चटणी वाटीत, आणि बायका ओसरीत टेकल्या की एकीनं आत बसून भरत राहायचं.

टमाटरात झुणका

पंचवीस लहान, घट्ट, एकसारखे टमाटर. गावठी, आंबट, पातळ सालीचे नकोत. बाजारात मिळणारे लांबट, जाड गराचे बरे. देठाकडून झाकणासारखी चकती कापा, चमच्यानं बिया आणि रस काढा, आतून मिठाचं बोट फिरवा आणि पालथे घाला. वीस मिनिटांत खाली पाणी साचतं. ते फेका, आतून कापडानं पुसा. मिठानं पाणी ओढतं म्हणून आपण एरवी घाबरतो, इथं तेच मीठ आपल्यासाठी राबतं: जे पाणी सारणात जायचं होतं ते आधीच बाहेर आलं.

झुणका कोरडाच हवा. आमच्याकडे नुसतं 'बेसन' म्हटलं की पातळ, भाकरीवर पसरणारं डोळ्यांपुढे येतं. ते इथं चालायचं नाही. कढईत सहा मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, दोन मोठे कांदे बारीक चिरून. कांदा गुलाबी झाला की हळद, दीड चमचा तिखट, मीठ, आणि त्यावर २५० ग्रॅम बेसन कोरडंच टाका. सराट्यानं (उलथण्यानं) सतत परता. पाच-सहा मिनिटांत बेसनाचा कच्चा वास जाऊन खमंग वास येतो आणि ते हलकं होतं, सराट्याला कमी ओढ लागते. आता हातानं पाण्याचा हबका मारा, एकदम ओतू नका. एक हबका, परता, पुन्हा हबका. एकूण अर्धी-पाऊण वाटी पाणी जातं. झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं वाफ, झाकण काढून दोन मिनिटं कोरडं करणं. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि सोडलं तर मोकळा व्हावा, एवढाच ओलावा.

पूर्ण गार होऊ द्या. गरम झुणका टमाटरात भरला तर वाफेनं टमाटर आतून शिजतं आणि साल सुटते. गार झाल्यावर भरपूर सांबार आणि लिंबू पिळून, पिळल्यावर पुन्हा एकदा मोकळा करून भरा. प्रत्येकात साधारण दीड मोठा चमचा बसतो. भरताना दाबायचं नाही. कापलेली चकती टोपीसारखी तिरकी ठेवा. हे टमाटर भरून दोन तास आरामात राहतात, म्हणून सगळ्यात आधी भरायचे ते हे.

खजूर, दोन तऱ्हांनी

खजूर हा घाईच्या माणसाचा मित्र. त्यात पाणीच नाही, त्यामुळे आदल्या दिवशी भरला तरी चालतो. अर्धा किलोत पन्नासच्या आसपास बसतात. एका बाजूनं उभी चीर द्या, बी आणि देठाची टोपी काढा, आणि प्रत्येक खजूर उघडून आत पाहा. बाहेरून चकचकीत असलेल्या खजुरात कधी काळी भुकटी असते, कधी किड्याची जाळी. असा निघाला तर सरळ फेका. पाहुण्यांच्या तोंडात गेल्यावर कळण्यापेक्षा बरं.

गोडासाठी १५० ग्रॅम भाजलेल्या दाण्यांचं कूट, ५० ग्रॅम तीळ भाजून, ३० ग्रॅम सुकं खोबरं, मूठभर चारोळी, मीठ आणि एक मोठा चमचा तूप. गूळ-साखर काही नाही, खजूर तेवढा गोड आहेच. बांधणीसाठी चार-पाच फाटके खजूर कुस्करून घाला. चारोळी घेताना एक दाणा चावून पाहा. जुनी चारोळी खवट होते आणि महागाची असल्यामुळे फेकवत नाही, मग सगळं सारण खवट होतं.

तिखट खजूर आणखी सोपा. घरच्या मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची फोड घ्या, खार निपटून टाका, नखाएवढे तुकडे करा, एका खजुरात एक तुकडा आणि अर्धा भाजलेला दाणा. बस. सांगून विश्वास बसत नाही, एकदा खाऊन पाहा. लोणचं वर्षभर तरी मुरलेलं हवं. कोवळ्या लोणच्याची साल कडू लागते.

पेरू आणि केळी, थोडक्यात

पेरू अर्धे कापून बियांचा गर काढा, आतून लिंबू चोळा म्हणजे काळे पडत नाहीत. भरायचं काय? मुरमुरे, फुटाण्याची डाळ, बारीक शेव, कांदा, सांबार, तिखट, मीठ. कोरडं आधी कालवून ठेवा. कांदा, सांबार, मीठ अगदी भरताना. पाच मिनिटांत खायचा पदार्थ आहे, आणि गर्दीत तो पाच मिनिटांत हातात पडत नाही, म्हणून दहा जणींच्या वर मी करत नाही. काढलेला बियांचा गर चाळणीवर घासून गाळा, गूळ-तिखट-जिरं घालून आटवा. ती चटणी पेरूपेक्षा जास्त आवडते लोकांना.

केळी मात्र गरमच खायची, घरची माणसं असतील तेव्हाची. नुकती पिवळी झालेली, देठ अजून हिरवा असलेली आठ केळी सालासकट तीन-तीन तुकड्यांत कापा, एका तोंडाकडून वांग्याला देतो तशी अधिक चिन्हाची चीर द्या, बुडापर्यंत नेऊ नका. एक वाटी भाजलेलं बेसन, एक वाटी दाण्याचं कूट, हिरवी मिरची-आल्याचा ठेचा, सांबार, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू आणि दोन चमचे तेल. ठासून भरा, जाड तव्यावर तेल घालून झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं, मध्ये एकदा उलटा. साल काळी पडली की झालं. साल खायची नसते, तेवढं पाहुण्यांना सांगा. एकदा व्याह्यांनी सालासकट खाल्लं आणि छान झालं म्हणाले; नंतर सांगायची सोय राहिली नाही.

उन्हाळ्यात

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की वरचं बरंचसं विसरा. चक्का नको, खवा नको, पनीर नको. दुधाचं सारण एरवी दोन तास बाहेर चालतं, त्या दिवसांत तासाभराच्या वर ठेवू नये, आणि वीज तर लग्नसराईतच जाते. टरबुजाचे सुपारीच्या डबीएवढे चौकोनी तुकडे करून वरून लहान चमच्यानं खळगा पाडा, निथळू द्या, आणि वाढताना त्यात पुदिना-भाजलेलं जिरं-काळं मीठ यांचा कोरडा मसाला आणि चार फल्लीदाणे. फळ भरायच्या आधी पूर्ण गार असू द्या: फ्रीज नसेल तर अख्खं टरबूज रात्रभर ओल्या पोत्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा. कोरड्या हवेत ओलं पोतं चांगलं काम करतं.

वेळापत्रक, पाच वाजताच्या हळदीकुंकवासाठी

आदल्या दिवशी खजूर दोन्ही तऱ्हांचे भरून डब्यात, जवसाची चटणी, खोबरं किसून-भाजून, रात्री दही टांगणं. सकाळी झुणका करून गार करत ठेवणं आणि चक्का फेटून फ्रीजमध्ये. बारानंतर संत्री कापून वाट्या पालथ्या घालणं, दुसरीकडे फाकी सोलून सुपात. दोनला टमाटर पोखरून पालथे, अडीचला पुसून तसेच झाकून. तीनला फाकी चिरून उघडून ठेवणं. हे काम पोरींना द्या, तुम्ही तोवर आंघोळ करून साडी नेसून घ्या, कारण त्यानंतर वेळ मिळत नाही. साडेतीनला टमाटरात झुणका. साडेचारला वाट्यांत चक्का. फाकी, बायका आल्यावर.

वाढायला पळसाच्या पानांचे द्रोण असतील तर उत्तम. एका द्रोणात एक टमाटर, दोन फाकी, दोन खजूर. संत्र्याची वाटी वेगळी हातात द्यायची, नाहीतर तिखटाचा वास चक्क्याला लागतो. साखरेचा त्रास असलेल्या बाईला आपण होऊन टमाटर आणि एखादी फाक पुढे करा, तिला चारचौघींत नाही म्हणायला लावू नका. लहान पोरांना फाकी देताना बी राहिली नाही ना, दाणा मोठा नाही ना, ते पाहा.

उरलेल्या वाट्यांच्या साली उन्हात वाळवून कुटल्या की उटण्याला होतात. खोबरं-चक्का आधी धुऊन काढा, नाहीतर मुंग्या. उरलेले टमाटर मात्र मुद्दाम दोन-चार जास्त करा. दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर थोड्या तेलात झुणक्यासकट चेचून परतले की ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. जाऊबाई आता हळदीकुंकवाच्या संध्याकाळी काही खातच नाहीत. सकाळी सातला टोपलीत भाकर घेऊन मागच्या दारानं येतात आणि विचारतात, "उरले काय वं टमाटर?"